वर्ष एकच, ठिकाणे सतरा

विल्यम प्लेफेअरने 1786 साली लंडनमध्ये ‘कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलस’ प्रसिद्ध केला. त्यातल्या 44 तक्त्यांपैकी एक सोडून बाकी सगळे एखादा आकडा वर्षानुवर्षे कसा चढला-उतरला हे दाखवणारे होते. त्या एकाबद्दल मात्र प्लेफेअर ओशाळलेला दिसतो. स्कॉटलंडचे आकडे त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते, 1780 च्या नाताळापासून 1781 च्या नाताळापर्यंतचे. एका वर्षाची रेषा ओढणार कशी? म्हणून त्याने सतरा ठिकाणे एकाखाली एक मांडली आणि प्रत्येकासमोर दोन आडव्या पट्ट्या काढल्या. काळी पट्टी निर्यातीची, रेघारेघांची आयातीची. उभी रेघ दर दहा हजार पौंडांना एक. सर्वांत वर जर्सी, तळाशी आयर्लंड. यात काळाचे परिमाण नाही, तेव्हा हा तक्ता बाकीच्यांपेक्षा कमी उपयोगाचा, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले. आपल्याकडे शाळेच्या वहीत काढला जाणारा जोडस्तंभालेख याच तक्त्याच्या कुळातला.

प्लेफेअरची ही नाराजी मला चुकीच्या जागी वाटते. पण ती वाटण्याचे कारण त्याने अचूक हेरले होते. वर्षांना स्वतःचा क्रम असतो. 1781 हे 1780 नंतरच येणार, त्यात काढणाऱ्याची मर्जी चालत नाही. रशिया, आयर्लंड आणि वेस्ट इंडीज यांना असा क्रम नाही. तो कुणीतरी लावावा लागतो, आणि लावला की तक्ता बोलू लागतो. आयर्लंड तळाशी ठेवल्यावर सर्वांत लांब पट्ट्या एका टोकाला येतात आणि स्कॉटलंडचा व्यापार थोड्या दारांवर किती अवलंबून आहे ते नजरेत भरते. मग वर्णानुक्रम लावावा, तो तरी निःपक्षपाती, असे कुणी म्हणेल. नाव शोधायचे असेल तर तो सोयीचा खरा. पण तुलना करायची असेल, तर लांब-आखूड पट्ट्यांची सरमिसळ करून वर्णानुक्रम तीच तुलना झाकतो. आणि ‘असमाधानी, बरे, समाधानी’ यांसारख्या वर्गांना अंगचाच क्रम असतो. तिथे उंचीनुसार मांडणी केली तर अर्थच विस्कटतो. एक बंधन मात्र स्तंभालेखाला सुटत नाही. पट्टीची लांबी हाच निरोप असल्याने ती शून्यापासूनच निघायला हवी. रेषालेखाला हे बंधन इतके कडक नाही, कारण तिथे डोळा लांबी न मोजता चढ-उतार पाहतो.

वर्तुळाची गोष्ट वेगळी. 1801 च्या ‘स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी’त प्लेफेअरने तुर्की साम्राज्याच्या वर्तुळाचे तीन वाटे केले: युरोपातला, आशियातला आणि आफ्रिकेतला. इथे प्रश्न ‘कोण कोणापेक्षा मोठा’ असा नसून ‘एका पूर्णातला कोणाचा हिस्सा किती’ असा आहे. वृत्तालेखाला पूर्ण लागतेच. ज्या पाहणीत एकाच माणसाने दोन-तीन उत्तरांवर खूण केलेली असते, तिची बेरीज शंभर टक्क्यांवर जाते आणि केंद्रीय कोन काढण्यात काही अर्थ उरत नाही. याच पुस्तकात प्लेफेअर स्वतः घसरलाही. प्रत्येक देशाच्या वर्तुळाच्या डावीकडे लोकसंख्येची उभी रेघ, उजवीकडे महसुलाची, आणि दोघींची टोके जोडणाऱ्या तिरक्या रेघेवरून कराचा भार ओळखावा, अशी त्याची कल्पना होती. पण त्या दोन रेघांमधले अंतर म्हणजे वर्तुळाचा व्यास. देश जितका विस्तीर्ण, तितका रेघेचा कल सौम्य! प्रजेच्या पाठीवरचे ओझे तेवढेच राहते, फक्त कागदावर हलके दिसते.

क्षेत्रफळाच्या याच सापळ्याशी फ्लॉरेन्स नाइटिंगेललाही झगडावे लागले. क्रिमियातल्या ब्रिटिश सैन्याच्या मृत्यूंच्या तिच्या आधीच्या आकृत्यांत आकडा केंद्रापासूनच्या अंतराला जोडलेला होता, त्यामुळे दुप्पट मृत्यू डोळ्यांना चौपट दिसत. पुढच्या आकृतीत, 1858 मध्येच, तिने क्षेत्रफळ आकड्याच्या प्रमाणात घेतले. जानेवारी 1855 मध्ये जखमांनी 83 सैनिक गेले, टाळता येण्याजोग्या साथीच्या रोगांनी 2,761 आणि इतर कारणांनी 324. हेच आकडे तीन साध्या स्तंभांत अधिक नेमके वाचता आले असते, हा आक्षेप रास्त आहे. तरी बारा महिन्यांचे चक्र आणि त्यात फुगलेला हिवाळा एका दृष्टिक्षेपात दाखवायचा होता, हेही विसरून चालत नाही.

विसाव्या शतकात वाद पेटला तो वर्तुळ वाईट की चांगले यावर. 1926 मध्ये अमेरिकेत ईल्स या संशोधकाने विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन वर्तुळाची बाजू मांडली. 1984 मध्ये क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संशोधकांनी प्रयोगांवरून दाखवले की माणूस समान मापपट्टीवरचे स्थान सर्वांत अचूक वाचतो आणि कोन वाचताना अधिक चुकतो. त्यावरून वृत्तालेख हद्दपार करायला निघालेले लोक मला घाईचे वाटतात. ईल्सची तुलना विभाजित स्तंभांशी होती, आणि विभाजित स्तंभातले मधले तुकडे समान पायावर उभे नसतातच. ‘निम्म्याहून जास्त आहे का’ एवढेच विचारायचे असेल तर वर्तुळ उत्तम. 23 टक्के आणि 26 टक्के यांतला फरक विचारायचा असेल तर ते निरुपयोगी.

या सगळ्याच्याही आधी एक निवड असते, वर्ग पाडण्याची. ‘ब्रेव्हिअरी’ला जोडलेल्या पुरवणीत प्लेफेअरने हिंदुस्थानातल्या सत्तांचाही असाच हिशेब मांडला होता. त्या वेळी पुण्यात दुसरा बाजीराव पेशवा होता. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले आणि गायकवाड यांचा कारभार आपापला चालू होता. लंडनमध्ये बसून तक्ता आखणाऱ्याला मराठ्यांची एकच सत्ता धरली तर ती इंग्रजांच्या तोडीची दिसणार, पाच धरल्या तर एकही नाही. एकच सत्ता धरणे किती धोक्याचे होते ते पुढच्याच वर्षी दिसले: 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकराच्या फौजेने शिंदे आणि पेशवा यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला.