जुना ट्रॅक्टर ओढून बघा: नेब्रास्काच्या एका शेतकऱ्याची गोष्ट



कारखान्याचा पट्टा पडला की आपल्याकडे जुन्या ट्रॅक्टरचे सौदे जोरात सुरू होतात. रंग मारलेला, टायरला काळं पॉलिश केलेला ट्रॅक्टर उभा असतो आणि मालक म्हणतो, "एकदम कंडिशन आहे, फक्त डिझेल टाका." अशा वेळी काय बघायचं हे सांगण्याआधी शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. सगळी तपासणी तिच्यातूनच उलगडत जाते.

गोष्ट अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याची. पोल्क काउंटीत ओसिओला गावाजवळ विल्मोट क्रोझियर नावाचा शेतकरी होता. १९१६ च्या सुमारास तिकडे ट्रॅक्टरचं नुसतं पेव फुटलं होतं. शंभरावर कंपन्या बाजारात उतरलेल्या. कोणी चांगलं यंत्र बनवायचं, कोणी फक्त चांगली जाहिरात.

क्रोझियरने 'फोर्ड' नावाचा ट्रॅक्टर घेतला. तुम्हाला वाटेल हेन्री फोर्डचा. तसं नव्हतं. मिनिआपोलिसच्या एका कंपनीने फोर्ड आडनावाचा एक माणूस हाताशी धरला आणि त्याचं नाव ट्रॅक्टरला दिलं. म्हणूनच खऱ्या हेन्री फोर्डला १९१७ मध्ये आपला ट्रॅक्टर 'फोर्डसन' नावाने काढावा लागला. क्रोझियरचा तो ट्रॅक्टर काही धड चालेना. त्याने भांडून बदलून घेतला, तर दुसराही तसाच निघाला.

मग त्याने जुना, सेकंडहँड ट्रॅक्टर घेतला. कंपनीचं नाव 'बुल', म्हणजे बैल. पण हा बैलही औताला बसकण मारणाराच निघाला. शेवटी १९१८ मध्ये त्याने रुमेली कंपनीचा ट्रॅक्टर घेतला आणि त्याने मात्र सांगितल्यापेक्षा जास्त काम दिलं.

आता बघा, तिन्ही ट्रॅक्टर विकताना शब्द तेच होते. ताकद अमुक, नांगर इतके ओढणार. खरं-खोटं कळलं ते शेतात, आणि तेही पैसे देऊन झाल्यावर. क्रोझियरला हेच खटकलं. तो राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला आणि सिनेटर चार्ल्स वॉर्नर यांच्या साथीने १९१९ मध्ये त्याने एक कायदा करून घेतला.

कायदा साधा होता. नेब्रास्कात नवा ट्रॅक्टर विकायचा तर त्या मॉडेलचा एक ट्रॅक्टर आधी लिंकनच्या विद्यापीठात आणायचा. तिथले इंजिनिअर तो चालवून, ओढायला लावून बघणार आणि कंपनीच्या दाव्याशी आकडे ताडणार. दुसरी अट होती सुट्या भागांची. राज्यात सर्व्हिस आणि पुरेसे स्पेअर पार्ट ठेवल्याशिवाय विक्री नाही.

१९२० मध्ये चाचण्या सुरू झाल्या. पहिला नंबर वॉटरलू बॉय या ट्रॅक्टरचा. आधी काही तास चालवून इंजिन मोकळं करायचं. मग पट्ट्यावर ताकद मोजायची. मग मागे वजन लावून तासन् तास मातीच्या ट्रॅकवर ओढायला लावायचं. मधे काय दुरुस्ती करावी लागली तेही अहवालात लिहायचं. हळूहळू फुगवलेले आकडे छापणाऱ्यांची पंचाईत झाली. ती प्रयोगशाळा आजही चालू आहे.

आपल्याकडे हेच काम मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बुदनीला होतं. १९५५ साली तिथे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघालं आणि पुढे चाचणीचं कामही आलं. पीटीओची ताकद, ओढ, लिफ्टची उचल, ब्रेक असं सगळं तिथे मोजतात.

पण मंडळी, लिंकन असो की बुदनी, तपासला जातो नवा ट्रॅक्टर. क्रोझियरचा जुना 'बुल' त्याच्या कायद्यानेही तपासला गेला नसता. आठ-दहा हंगाम राबलेल्या ट्रॅक्टरचा अहवाल कोणी देत नाही. तो आपणच काढायचा, आणि पद्धत लिंकनचीच वापरायची: उभा बघायचा नाही, ओढून बघायचा. आपले वाडवडील बैल घेताना दात बघायचे, खांदा बघायचे, पण औताला जुंपल्याशिवाय विसार देत नव्हते. तोच न्याय इथे लावा.

१. थंड इंजिन. गेल्या गेल्या इंजिनला हात लावा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी चालू केलंय. थांबा, थंड होऊ द्या. थंड असतानाच ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी उतरलंय. रेडिएटरचं झाकणही थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर सौदा सोडलेला बरा.

२. धूर. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर चालू करताना थोडा चालेल, गरम झाल्यावरही येत राहिला तर चालणार नाही. लोडवर सतत काळा कुट्ट धूर येत असेल तर नोझल, पंप, एअर क्लीनर तपासायला लागेल. ब्रीदरमधून भकाभका वाफारा येत असेल तर रिंगा-लायनर झिजलेत.

३. एक तास नांगर. मालकाला सांगा, डिझेल माझं. पलटी नांगर लावून तासभर चालवा. लोडवर गिअर सुटतो का? इंजिनचा आवाज चढतो पण ट्रॅक्टर पुढे सरकत नाही असं होतं का? तसं असेल तर क्लच प्लेट गेली. पाण्याचं तापमान चढत जातं का तेही बघा.

४. लिफ्ट, पण गरम ऑइलवर. थंड असताना ऑइल घट्ट असतं, त्यामुळे झिजलेला पंपही वजन उचलतो. तासाभराच्या कामानंतर नांगर उचलून ठेवा. हेलकावे खातो का, हळूहळू खाली बसतो का, बघा. वर उचललेल्या नांगराखाली हात-पाय कोणी घालू नका. पीटीओवर रोटाव्हेटरही फिरवून बघा.

५. आधी काय काम केलं? तासांच्या मीटरवर विसंबू नका, केबल काढलेली असू शकते. पेडलचं रबर, हुकाचं झिजलेलं भोक, पुढच्या चाकांचा खेळ हे खोटं बोलत नाहीत. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढलेल्या ट्रॅक्टरचे क्लच, ब्रेक आणि हुक बघा. भाताच्या चिखलणीतला असेल तर मागच्या एक्सलचे सील आणि ब्रेकमध्ये शिरलेलं पाणी बघा.

६. स्पेअर पार्ट. क्रोझियरची दुसरी अट विसरू नका. बंद पडलेल्या कंपनीचा ट्रॅक्टर स्वस्तात मिळतो, पण पेरणीच्या ऐन वापशात एका भागासाठी चार दिवस उभा राहिला तर ती स्वस्ताई कुठे जाते? आधी तालुक्याच्या गावी चौकशी करा.

७. कागद. चेसिस आणि इंजिन नंबर फडक्याने पुसून आरसी बुकाशी ताडा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० वर सह्या लागतात, त्या व्यवहाराच्या दिवशीच घ्या.

आणि तासभर नांगर लावायला मालक नाही म्हणाला तर? समजून जा, तुमची चाचणी तिथेच संपली. रामराम करून पुढचा ट्रॅक्टर बघायला निघा.