जमाखर्च मांडणारा संन्यासी

दहावीनंतर आपल्या वाटा फुटल्या. गुण जास्त ते विज्ञानाला, बाकीचे वाणिज्य नाहीतर कलेला. मी इंजिनियर झाले; नावे-जमा कळायला मात्र चाळिशी उलटावी लागली. सध्या नोकरी सांभाळून बालमानसशास्त्र, जगातील धर्म आणि वित्तीय लेखांकन शिकते आहे. (‘तीन डगरींवर हात?’ असं घरी विचारतात.)

गंमत म्हणजे लेखांकनाच्या इतिहासात पहिला भेटला तो फ्रान्सिस्कन पंथाचा संन्यासी, लुका पाचोली. तरुणपणी तो व्हेनिसमधल्या एका व्यापाऱ्याच्या तीन मुलांना शिकवत असे. १४९४ साली त्याचा अंकगणित-भूमितीचा जाडजूड ग्रंथ छापला गेला आणि त्यातच व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत आली. ती त्याने शोधली नव्हती, नीट लिहून काढली. हिशेबाची सुरुवात देवाच्या नावाने करावी, असंही त्याने सांगितलं. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर ‘श्री’ लिहितातच की!

गणित, देव, मुलं, हिशेब, सगळं एकाच माणसाकडे. शाखांच्या भिंती फार नंतरच्या.

वाणिज्यला गेलेल्या मैत्रिणींनो, ताळेबंदाशी अडले आहे. संमेलनाला वही घेऊनच येते.