एका रोग्याची परीक्षा

कामगारांच्या इतिहासात संपांची व टाळेबंद्यांची नोंद असते, त्यांच्या रक्ताची सहसा नसते. म्हणून आज हे एक वेगळे पान आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आपल्या दुष्काळी मुलखातली माणसे पोटामागे ज्या गिरणगावात गेली, तिथेच, परळला, हाफकिन संस्था आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या व या संस्थेत काम करू लागल्या. गरीब गरोदर बायकांना, त्यातही गिरणीत राबणाऱ्यांना, एक घातक पांडुरोग जडत असे. विल्सबाईंनी आधी जंतूंचा संशय घेऊन पाहिला, मग या बायकांच्या ताटात काय पडते ते पाहिले. आमच्या मते खरी तपासणी तिथून सुरू झाली. दोष निकस अन्नाचा होता. त्यांनी मार्माइट, म्हणजे यीस्टचा एक स्वस्त अर्क, देऊन पाहिला आणि १९३१ साली त्याचा गुण प्रसिद्ध केला.

गुण आला हे ठरवले कशावरून? बाईच्याच रक्तावरून. अर्क पोटात गेल्यावर थोड्याच दिवसांत रक्तातल्या कोवळ्या तांबड्या पेशी झपाट्याने वाढत. तिची तुलना तिच्याशीच. त्या अर्कातले द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. ते १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले.

परंतु रक्त भरून आलेल्या बाईला पुन्हा पांडुरोगी करून पाहता येत नाही, करूही नये. दम्यासारख्या चिवट दुखण्याचे तसे नाही. तिथे औषध देता येते, थांबवता येते, पुन्हा देता येते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात गॉर्डन गायट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली याचीच शिस्त बसवली. काही दिवस खरी गोळी, काही दिवस तशीच दिसणारी पोकळ गोळी. क्रम चिठ्ठी टाकल्यासारखा. कोणती कोणती हे रोग्याला ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. रोग्याने रोज आपला त्रास लिहून ठेवायचा. एका दमेकऱ्याची अशी परीक्षा झाली, तेव्हा थिओफिलिन या नेहमीच्या औषधाने त्याचा त्रास उलट वाढतो असे दिसले. ते बंद केले.

शंभर रोग्यांपैकी साठांना गुण आला, तर आपला माणूस साठांतला की चाळिसांतला? आम्ही कामगारांत वावरणारे. यंत्रमागावरचा माणूस वर्षानुवर्षे तीच बाटली विकत घेतो आणि त्याला कोणी विचारीत नाही, हे आम्ही पाहतो. वास्तविक कापसाच्या धुळीने छाती भरणाऱ्यांची अशी परीक्षा गिरणीच घेत असते: सुट्टीत श्वास मोकळा, सोमवारी पुन्हा आवळलेला. कामगार हे सांगे, तेव्हा त्याला कामचुकार म्हणत.

मात्र कोणी घरी जाऊन आपल्या गोळ्या बंद करू नयेत. ही परीक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होते, आणि क्षयाच्या औषधांना ती लागूच नाही: ती मध्येच थांबवली तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात.