खुर्चीचं भाडं

चहाचा भाव कपात काय आहे त्यावर ठरतो असं वाटत असेल, तर तुम्ही मुंबईत दुपारचा चहा प्यायलेला नाही. तो ठरतो खुर्चीवर. ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झालं. तिथल्या सी लाउंजमध्ये चार वाजता चहा मागवणारा खरं तर समोरच्या समुद्राचं भाडं भरत असतो.

मी फोर्टातल्या छापखान्यात प्रुफं वाचायचो. माझा समुद्र म्हणजे इराण्याच्या हॉटेलातलं संगमरवरी टेबल. त्यावर गॅली पसरायची, ब्रून मस्का चहात बुडवायचा, आणि शाई बोटांना लागली की कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुवायचे. मराठी खाणावळीत ही चैन नव्हती. तिथे तुमचा शेवटचा घास जायच्या आत पुढचा माणूस पाठीशी उभा राही.

इराण्याला ही खुर्ची परवडायची कशी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द, करमानकडची गरीब माणसं मुंबईत येत गेली. बहुतेक जरथुस्त्री, काही मुसलमान. मायदेशी चहा कोरा, सोबत साखरेचा खडा. इथे त्यांनी त्यात दूध घातलं आणि भट्टीतला पाव जोडीला दिला. नाक्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना सहज मिळाली, असं जुनी माणसं सांगतात. धोबीतलावला कयानी १९०४ मध्ये, ग्रँट रोडला मेरवान १९१४ मध्ये, बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया १९२३ मध्ये आलं. पुढे १९४७ च्या भाडे कायद्याने जुनी भाडी गोठली. जागेचं ओझं नाही, म्हणून गल्ल्यावरचे बावाजी एका ‘पानी कम’ चहावर तासभर बसू देत.

अगदीच मोकळं रान नव्हतं. भिंतीवर पाट्या असत आणि त्यांत केस विंचरण्यापासून जुगाराच्या गप्पांपर्यंत सगळ्याला मनाई. बस्तानी या इराणी हॉटेलातल्या अशाच पाटीवरून निसीम इझिकेल यांनी इंग्रजी कविता केली. पण एवढ्या मनाया लिहाव्या लागल्या, याचाच अर्थ लोक मुक्कामाला येत होते.

ज्या जागेने इराणी तगला, तिनेच पुढे त्याला उठवलं. नाक्यावरच्या दुकानाला सोन्याचा भाव आला. मुलं शिकून दुसऱ्या धंद्यांत गेली. कुठे बिअर बार झाला, कुठे बँक आली. कपाला चार पैसे वाढवून हे थोपवता आलं नसतं.

तेव्हा दुपारचा चहा कुठे घ्यावा, असं विचारणाऱ्याला मी कयानीचं नाव सांगतो. मावा केक आणि खारी मागवा. पण कप रिकामा झाल्यावर लगेच उठू नका. मुंबईत आता बसणं तेवढं स्वस्तात मिळत नाही.