सूतिकारोग : संहिता, मंडळें आणि खानदेशचीं बाडें

सूतिकारोगाचा इतिहास लिहितांना पुष्कळ लेखक सुश्रुतापासून आरंभ करून एकदम मुंबईच्या रुग्णालयांत उतरतात. मधल्या काळाच्या कागदांकडे कोणी पाहत नाहीं. त्या कागदांत काय शोधावयाचें, हें कळण्यासाठीं आम्ही प्रथम मूळ संहितेकडेच वळतों.

सुश्रुताच्या निदानस्थानांतील ५ व्या अध्यायांत औपसर्गिक रोग सांगितले आहेत. ज्वर, कुष्ठ, शोष व नेत्राभिष्यंद हे स्पर्शानें, सहभोजनानें, एका शय्येवर निजल्यानें एकाकडून दुसऱ्याकडे जातात, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. शारीरस्थानाच्या १० व्या अध्यायांत प्रसूतिसमयीं जवळ राहणाऱ्या चार स्त्रियांचीं नखें कापलेलीं असावीं असा निर्बंध आहे. परंतु त्याच अध्यायांत सूतिकेचा व्याधि मिथ्याचारानें, म्हणजे आहारविहाराचे नियम मोडल्यानें, उद्भवतो व तो कष्टसाध्य किंवा असाध्य असतो, असें विधान येतें. संसर्ग ठाऊक, नखेंही कापलेलीं. पण दोहोंची सांगड घातलेली नाहीं, आणि दोष मात्र बाळंतिणीच्या माथीं! प्राचीन वैद्यकाचे कांहीं अभिमानी येथें जंतुशास्त्र शोधूं लागतात. तें आम्हांस मान्य नाहीं. युरोपासही ही सांगड उशिराच सुचली. सूतिकाज्वर वैद्य व सुइणी ह्यांच्याकडूनच बाळंतिणीकडे जातो, असें अ‍ॅबर्डीनच्या गॉर्डननें १७९५ त लिहिलें. व्हिएन्ना येथें सेमेलवाइसनें १८४७ त क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुवावयास लाविलें. दोघांचेंही समकालीनांनीं नीट ऐकलें नाहीं.

आपल्याकडे मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील प्रसूति-स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मंडळांनीं १९३६ पासून परिषदा भरविल्या. ६ जानेवारी १९५० रोजीं मद्रासच्या सहाव्या परिषदेंत अहमदाबाद, बंगाल, मुंबई, मद्रास व पंजाब येथील मंडळांनीं आपला संघ स्थापिला. त्याची कचेरी मुंबईस आहे. संसर्गजन्य स्त्रीरोग हा तर अमेरिकेंत एका स्वतंत्र मंडळाचाच विषय झाला. हीं सर्व मंडळें शहरांचीं. खेड्यांतील स्थिति गडचिरोलीच्या तपासणीनें उघड झाली. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग प्रभृतींनीं दोन गांवांतील ६५० स्त्रियांविषयीं १९८९ त निबंध प्रसिद्ध केला. शेंकडा ९२ जणींस कांहीं ना कांहीं स्त्रीरोग किंवा गुह्यरोग आढळला. विकारांपैकीं निम्मे संसर्गजन्य होते. पूर्वीं तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा ८!

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यांतून वेगळा झाला. पूर्वींचा हा पश्चिम खानदेश. त्यामुळें येथील जुना कागद पाहावयाचा तर धुळेंही धुंडाळावें लागतें. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांतील भिल्ल व पावरा सुइणींचें ज्ञान बहुतांशीं मुखानेंच चालत आलें. परंतु तळोदें, शहादें, नंदुरबार येथील वैद्यघराण्यांच्या बाडांतील सूतिकेचे काढे व पथ्यें लिहिलेलीं पानें वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं असल्यास, नुसतीं ग्रंथनामें न कळवितां त्यांनीं पूर्ण नक्कल करून पाठवावी. सुइणीच्या हातांविषयीं, नखांविषयीं, धुण्याविषयीं एक ओळ जरी आढळली, तरी ती गाळूं नये.