गिरगावातली खोताची वाडी

वाडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे नारळ-पोफळी उभ्या राहतात. पण मुंबईच्या गिरगावात पावलोपावली वाड्या लागतात. केळेवाडी, फणसवाडी ही नावे उगीच पडली नाहीत. आज जिथे चाळी आणि इमारती आहेत, तिथे एके काळी बागाईत होते.

त्यांतलीच एक खोताची वाडी. सरकारसाठी गावचा सारा गोळा करणारा तो खोत, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. वाडीचे नाव मात्र टिकले. इथल्या खोताने जमिनीचे तुकडे विकले आणि त्यांवर ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घरे बांधली, असे सांगतात. ही मंडळी मूळची मुंबई, साष्टी, वसईकडचीच. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ साली घेतले.

आता घर पाहा. एक मजला, लाकडी सांगाडा, वर उतरते कौलारू छप्पर. पुढे पडवी, ती थेट गल्लीवर उघडणारी. जिना बऱ्याचदा बाहेरून. म्हणजे वरच्या बिऱ्हाडाला खालच्यांच्या घरातून जावे लागत नाही. छपराच्या पुढे आलेल्या पाख्या भिंतींना पावसापासून जपतात, आणि कठड्याच्या नक्षीतून वारा आत येतो. नळीची कौले दरसाल पावसाआधी चाळावी लागत. मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना निघाला. तिथली कौले एकमेकांत अडकून बसतात, त्यामुळे तो व्याप पुष्कळ कमी झाला.

म्हणजे शोभा होती, पण प्रत्येक गोष्टीला कामही होते. पडवीत बसलेल्या म्हातारीला गल्लीत खेळणारी पोरे दिसत, जाणारा-येणारा थांबून दोन शब्द बोले.

इथे पूर्वी पासष्टएक घरे होती म्हणतात. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. पाडणाऱ्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण सागवान महाग, जुन्या कामाचा सुतार मिळत नाही, घर एक आणि वारस पाच. त्यात जागेला सोन्याचा भाव! घर राखायचे तर राखणाऱ्याच्या पाठीशीही कुणी उभे राहायला हवे.

गुरुजनांना एक विनंती. आपल्या गावातले एखादे जुने घर मुलांना दाखवा. जोते, पडवी, माजघर यांची मापे घेऊन त्यांना नकाशा काढू द्या. आणि विचारा, हे असे का बांधले? उत्तर घरातल्या आजीला ठाऊक असेल. ती आहे तोवर ते लिहून घ्या.