शाप, सचोटी आणि एक आकड्यांचं पुस्तक

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की आधी आक्षी लागते, मग नागाव. नागावात भीमेश्वराच्या देवळापाशी चौदाव्या शतकातला, हंबीररावाच्या काळचा मराठी शिलालेख आहे. तो गधेगाळ आहे. म्हणजे लेखातला शब्द जो मोडेल, त्याच्या आईला गाढवाची शिवी. कोकणात असे दगड बरेच सापडतात.

सत्ता दूर, करार पाळला जातो की नाही हे बघायला कोणी नाही, तेव्हा भीती घालायची. हे समजू शकतं. पण बघा, गुन्हा मुलाचा आणि विटंबना आईची! ज्या नीतीला शापाचा टेकू लागतो, तिला न्यायाचं भान राहतंच असं नाही.

शापाशिवाय, परलोकाशिवाय नीती उभी राहू शकते, हे मराठीत ठामपणे मांडलं आगरकरांनी. १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढलं. माणसाचं सुख आणि विवेक हा पाया त्यांना पुरेसा वाटला. पुढे र. धों. कर्वे, नरेंद्र दाभोलकर यांच्या पुस्तकांनी हे कपाट भरत गेलं. तरी आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक शंका असतेच : कोणी बघत नसताना माणूस सरळ का वागेल?

मला याचं एक उत्तर नागावच्या शेजारीच, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत दिसतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यामुळे कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली नानाभाई मूस यांनी ती इथे उभारली. लगेच कुलाबा बंद करता आलं असतं. पण १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालली. जागा बदलल्याने आकडा किती बदलतो हे कळल्याशिवाय जुन्या नोंदींना नव्या जोडणं त्यांना मान्य नव्हतं. १९१० साली १८४६ ते १९०५ पर्यंतच्या मुंबईच्या नोंदी त्यांनी विवेचनासह दोन भागांत छापल्या.

त्या ग्रंथात नीतीवर प्रवचन नाही. पण आपले आकडे कोणालाही तपासता येतील असे उघड्यावर ठेवणं, ही नीती नाही तर काय? गधेगाळाला घाबरणारा वाचक हवा होता. मूस यांना तपासणारा हवा होता. मुलांच्या हाती आगरकर देताना ही गोष्टही सांगावी, असं मला वाटतं.